वटवट्यांची भाऊबंदकी

धाकटं बेट, १२ जुलै २०२५

ति. शैलूमामा,

नमस्कार. साष्टांग घालावा इतकी कोरडी जमीन इथे नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

फोन सोडून पत्र का, ते तुला माहीत आहे. फोनवर मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की तू सांगतोस, काल जेवली नाहीस, सर्दी झाली आहे आणि कुणाशी तरी बिनसलं आहे. पोटापाण्यासाठी लाउडस्पीकर वाजवणाऱ्या माणसाला एवढे तिखट कान असू नयेत. कागदावर तरी ते पोचणार नाहीत, असा माझा हिशेब आहे. शिवाय इथे नेटवर्क नाही. दर पंधरा दिवसांनी बोट मोठ्या बेटावर जाते, तिथून पत्रांचे फोटो मेलने जातात आणि येतात.

उंडासा तलावाकाठच्या बोरूच्या गवतात हिवाळ्यात एक मातकट पाखरू यायचं, आठवतं? चिमणीएवढं, दिसायचं कमी आणि बोलायचं फार. तू म्हणायचास, हा आपल्या मंडळाचा सेक्रेटरी. तो वटवट्या. त्याचे दोन चुलतभाऊ इथे भर समुद्रात राहतात, एक मोठ्या बेटावर, एक धाकट्यावर. मध्ये दिवसभराचं पाणी. कित्येक हजार वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आधी पुस्तकात दोघांचं एकच नाव होतं, आता दोन आहेत. मोठ्या बेटावर काहीशे उरलेत, धाकट्यावर अकरा. जहाजांतून उतरलेले उंदीर अंडी खातात.

आता तिढा ऐक. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख बाईंचं म्हणणं, हे अकरा पकडून मोठ्या बेटावर सोडावेत. तिथल्यांनी यांना आपलं मानलं तर वंश टिकेल. परकं मानलं तर हुसकून लावतील, आणि मग धाकट्या बेटाचा वटवट्या संपला. इथेच ठेवले तर उंदीर आहेतच. हे दोघे आपले की परके, ते सप्टेंबरअखेर मी लिहून द्यायचं आहे. पंख मोजले, चोची मोजल्या, रक्त तपासलं. रक्त म्हणतं, जवळचे. पण एकमेकांना ओळखतील का, ते रक्त सांगत नाही.

त्यासाठी एकच परीक्षा आहे. एकाचं गाणं लाउडस्पीकरवर दुसऱ्याला ऐकवायचं. हद्दीत घुसलेला भाऊबंद समजून तो अंगावर धावून आला तर आपला, दुर्लक्ष केलं तर परका.

लाउडस्पीकर म्हटलं की दुसरं कोण आठवणार? स्पीकरचा डबा कुठे ठेवू, आवाज किती सोडू, ते कळव.

तुझी,
अश्लेषा

*

नानाखेडा, उज्जैन, २७ जुलै २०२५

अश्लेषा बेटा,

आशीर्वाद. तुझं पत्र सुलूमामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढी शिकून पोरगी शेवटी तुमच्याच धंद्यात आली.

आता काम की बात. डबा जमिनीवर ठेवू नकोस, जमीन आवाज खाते. पाखरू ज्या उंचीवर बसतं तिथे टांग. वरून प्लास्टिक बांध, पण तोंड उघडं राहू दे. आवाज खुला सोड. भोंगा लाजला की काम बिघडलं. आणि मध्ये थांबू नकोस. मी सायकलच्या कॅरियरवर एक भोंगा बांधून सुरुवात केली तेव्हापासून एकच नियम पाळतो, मांडवात शांतता पसरली की माणसं चपला शोधायला लागतात. एक गाणं संपायच्या आत दुसरं लागलंच पाहिजे. म्हणून आज माझे तीन ट्रक आहेत.

पण तुझी परीक्षा मला फार पटली. ती तर मी इथेच करून बघू शकतो.

माधव नगरचं जुनं मंडळ तुला माहीत आहे. दरबारी मंडळी. पूर्वज सरदारांबरोबर आले, कारकून म्हणून का होईना, पण दरबारात होते हे अजून सांगतात. आणि आमचं नानाखेड्याचं मंडळ, म्हणजे रेल्वे, बँक आणि मास्तर. आमचे बाप बदलीवर आले आणि इथेच राहिले. दोघेही मराठी, दोघेही भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात, तरी त्यांच्या लेखी आम्ही ‘नोकरीवाले’ आणि आमच्या लेखी ते ‘पगडीवाले’. माझं लग्न सुलूशी, म्हणजे पगडीवाल्यांच्या मुलीशी झालं, तेव्हा दोन्हीकडचे पाहुणे वेगवेगळ्या पंक्तीत बसले होते.

आता दोन्हीकडे माणसं उरली नाहीत. पोरं पुण्याला, बंगलोरला. त्यांच्या आरतीला वीस जण, आमच्या आरतीला तीस. म्हणून प्रस्ताव आला आहे की यंदापासून गणपती एकच बसवायचा. आमचा अध्यक्ष दिलीप, बँकेतून रिटायर झालेला, तो म्हणतो होऊ द्या. त्यांच्याकडचे विष्णुपंत म्हणतात, होऊ द्या, पण आरती आमच्या चालीत.

गाडी तिथेच अडली. आरती एकच, पण त्यांची चाल पॅसेंजर आणि आमची एक्सप्रेस. ते प्रत्येक कडव्याच्या शेवटी असे रेंगाळतात की जणू पालखी यायची बाकी आहे. आम्ही झांजा धरल्या की थेट शेवटचं स्टेशन.

साउंड दोन्हीकडे माझाच. तेव्हा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलायला लावला आणि म्हटलं, यंदा आधी परीक्षा घेतो. त्यांची चाल आमच्या मांडवात वाजवून बघतो. धावून आले तर आपले.

तुझा,
शैलूमामा

*

धाकटं बेट, ९ ऑगस्ट २०२५

ति. मामा,

तुझं पत्र बोटीवरच्या स्वयंपाक्याला भाषांतर करून सांगितलं. तो दोन दिवस ‘पॅसेंजर, एक्सप्रेस’ म्हणत हिंडत होता.

मोठ्या बेटावरचं काम झालं. धाकट्याचं गाणं वाजवलं आणि पहिलाच नर बाणासारखा आला. डब्यावर बसला, तारेला चोच मारली, मग डबा बंद झाल्यावर तुझ्या विष्णुपंतांसारखी मान ताठ करून पूर्ण गाणं म्हटलं. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. म्हणजे मोठे धाकट्यांना ओळखतात.

धाकट्या बेटावर मात्र उलट. मोठ्याचं गाणं वाजवते, कुणी ढुंकून बघत नाही. बोरूत हालचाल नाही, आवाज नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे डबा उंचावर टांगला होता, आवाज खुला होता, खंड नव्हता.

दोघांची गाणी ऐकायला जवळपास सारखी आहेत. सुरुवातीला तीच खरखर, नंतर शीळ. मोठा ती शीळ वर नेऊन तोडतो, धाकटा खाली आणून सोडतो. एवढाच फरक. पण माणसांतसुद्धा एवढ्यावरून गणपती वेगळे बसतात, असं ऐकते.

बाईंना घाई आहे. पिंजरे मागवून झालेत. मला वाटतं, एकाने ओळखलं आणि दुसऱ्याने नाही, तर ती ओळख नव्हे. पण अकरा जीव आहेत मामा. माझी एक ओळ चुकली तर नंतर दुरुस्त करायला कुणी उरणार नाही.

तुझ्या मांडवात काय होतं ते कळव. मी हसतेय, पण खरंच वाट बघतेय.

अश्लेषा

*

नानाखेडा, उज्जैन, १ सप्टेंबर २०२५

अश्लेषा बेटा,

परीक्षा झाली. दूध का दूध, पानी का पानी.

माधव नगरची आरती मी गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड करून आणली होती. परवा संध्याकाळी आमच्या मांडवात सगळे जमले, तबक हातात, आणि मी बटण दाबलं. पहिलं कडवं संपून ते रेंगाळणं सुरू झालं मात्र, दिलीपने तबक खाली ठेवलं. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, ही काय आरती झाली, प्रसाद वाळून जाईल. कुणी म्हणालं, देव उभा आहे आणि हे झोपलेत. रेल्वेवाल्या तिघांनी झांजा उचलल्या आणि माझ्या बॉक्सच्या वर आपली चाल चढवली. दिलीप तर बॉक्ससमोर उभा राहून त्याला शिकवत होता, अरे, असं नाही, असं.

तेवढ्यात बातमी माधव नगरला पोचली. विष्णुपंत रिक्षा करून आले आणि म्हणाले, आमची आरती इथे चोरून वाजवता? मग जे भांडण झालं, मला वाटतं क्षिप्रेच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. सुलू मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंनी बोलत होती.

बेटा, मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. रस्त्यावर पलीकडे डीजे लागला होता, त्याच्याशी कुणी भांडायला गेलं नाही. भांडण आपल्याशीच होतं. विष्णुपंत आणि दिलीप एकाच झाडाचे.

फक्त एक अपवाद. दिलीपची आई, अक्का. नव्वदीला आली. ती जन्माने माधव नगरची, म्हणजे ही चाल तिच्या माहेरची. लग्न होऊन आमच्याकडे आली त्याला सत्तर वर्षं झाली असतील. सगळे ओरडत होते तेव्हा ती खुर्चीत बसून होती. ना राग, ना हसू, ना मान हलली. मी मुद्दाम तिच्याकडेच बघत होतो. मतलब साफ आहे. एवढी वर्षं दुसऱ्या बेटावर राहिली, माहेर पुसलं गेलं.

तुझ्या धाकट्यांचं तसंच. भांडायला आले नाहीत, म्हणजे नातं उरलेलं नाही. बाईंना सांग, पिंजरे परत पाठवा. लिहून टाक, परके. शैलेंद्रचा अंदाज कधी चुकलेला नाही.

मामा

*

धाकटं बेट, १४ सप्टेंबर २०२५

ति. मामा,

भांडणाचं वर्णन वाचून खूप हसले. मामीला सांग, मला तिची बाजू पटली, म्हणजे दोन्ही.

मीही तसंच लिहिलं आहे. ‘परस्पर ओळख नाही. स्थलांतर करू नये.’ अहवाल तयार आहे, २९ तारखेच्या बोटीने जाईल. बाई नाराज होतील, होऊ देत.

इथे हवा छान आहे. मी मजेत आहे. अकराचे दहा झाले. काळजी करू नकोस.

अश्लेषा

*

नानाखेडा, उज्जैन, १५ सप्टेंबर २०२५

अश्लेषा,

कागदावर माझे कान पोचत नाहीत, हा तुझा हिशेब चुकला.

गेल्या दोन पत्रांत पानं भरून लिहिणारी पोरगी चार ओळींत अहवाल, बाई आणि हवा उरकते. मग म्हणते मजेत आहे. आणि ‘अकराचे दहा’ हे हवेच्या आणि काळजीच्या मध्ये असं ठेवते, जसं लहानपणी फुटलेली कपबशी इतर कपांच्या मागे ठेवायचीस. तुझी आधीची पत्रं परत काढून वाचली. मोठ्या बेटावर डबा बंद झाल्यावर पक्ष्याने काय केलं ते लिहिलंस, की पूर्ण गाणं म्हटलं. धाकट्यावर डबा बंद झाल्यावर काय झालं, त्याबद्दल एक अक्षर नाही. तू थांबली होतीस का?

हे मला सुचलं ते अक्कामुळे. आणि तिच्याबाबतीत मी पार गाढव ठरलो, ते आधी सांगतो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव उतरवायला गेलो. मांडव रिकामा. अक्का तिच्या खुर्चीत, दिलीप तिला न्यायला यायचा होता. बॉक्स बंद, वायरी गुंडाळत होतो. मागून आवाज आला, इतका बारीक की दुसऱ्या कुणाला आला नसता. अक्का आरती म्हणत होती. माधव नगरच्या चालीत. कडव्याच्या शेवटी तशीच रेंगाळत, एक जागा न चुकता. विष्णुपंतसुद्धा ती शेवटची ओढ अर्धीच घेतात, हिने पूर्ण घेतली.

मी जाऊन खाली बसलो. म्हटलं, अक्का, त्या दिवशी वाजवली तेव्हा तर तुम्ही गप्प होतात. मला वाटलं विसरलात.

ती म्हणाली, “विसरायला काय झालं? पण तो तुझा भोंगा थांबेल तर ना. बोलणाऱ्याने थोडं ऐकायलाही थांबावं लागतं, शैलू. आणि तिकडे सगळी भांडणारी, जोडीला जोडी. मी एकटी. एकट्या माणसाने आधी शांतता बघावी, मग तोंड उघडावं.”

मी ते हसण्यावारी नेलं आणि सुलूला गंमत म्हणून सांगितलं. आज तुझं पत्र आलं तेव्हा टकुऱ्यात दिवा लागला. मोठ्या बेटावर काहीशे आहेत, ते धावून येणारच, पाठीमागे फौज आहे. तुझे दहा जण अक्का आहेत. आणि त्यांच्यापुढे मी तुला काय करायला सांगितलं? खुला आवाज, खंड नको. मांडवाचा कायदा मी बोरूला लावला. माझ्या नियमाने माणसं बसून राहतात, पण कुणाला बोलू देत नाही. एवढी वर्षं भोंगा वाजवून हे आता कळतंय.

तेव्हा अंदाज मागे. आवाज निम्म्यावर आण. थोडं वाजव, बंद कर आणि बस. चहा पी. परत वाजवायची घाई करू नकोस. मग काय होतं ते लिही, आणि ते होईपर्यंत त्या अहवालावर सही करू नकोस. केली असशील तर काट मार. बाईंना म्हणावं, उज्जैनच्या तज्ज्ञाने मत बदललं आहे.

मामा

*

मोठं बेट, ३ ऑक्टोबर २०२५

ति. मामा,

सही केली नव्हती. तुझं पत्र इमर्जन्सीसाठीच्या सॅटेलाइट फोनवर मागवून घेतलं, त्यावरून बाई बोलल्या. मी म्हटलं, इमर्जन्सीच आहे.

नाही, मी थांबत नव्हते. आमच्या नियमात वाजवून झाल्यावर शांत बसून बघायचं असतं. पण ओहोटी असेपर्यंतच बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाता येतं, म्हणून मी आवाज बंद झाला की डबा काढून निघत होते. तुझ्या ‘खंड नको’ने मला सोयीची सबब मिळाली. एका पक्ष्याचं घरटं उंदरांनी फोडलं आणि मादी गेली, त्यानंतर तर मला कुठेच थांबवत नव्हतं. ते तुला लिहायचं नव्हतं. तू ते कपबशीसकट शोधून काढलंस.

मग थांबले. आवाज निम्मा केला. एका टोकालाच बसायचं ठरवलं, भरती आली तर येऊ दे. मोठ्याचं गाणं एकदा वाजवलं, बंद केलं. काही नाही. चहा प्याले. थर्मासचं झाकण लावत होते तेव्हा बोरूच्या खालच्या अंगाला, अगदी पाण्याजवळ, खरखर झाली. मग शीळ. बारीक, धाकट्या बेटाची, खाली आणून सोडलेली. मी झाकण तसंच हातात धरून बसले. तो दोन काड्या वर आला, डब्याच्या रोखाने बघितलं आणि परत म्हटलं. ज्याची मादी गेली तोच हा नर. पायात मीच घातलेलं निळं वळं आहे.

धावून आला नाही. पण मी उठेपर्यंत तो तिथेच होता, दर वेळी डबा गप्प झाला की बोलत होता. नंतरच्या दिवसांत बाकीचे नरही तसेच बोलले. खात्रीसाठी स्थानिक चिमण्यांची गाणी त्याच डब्यावर, त्याच आवाजात वाजवून बघितली. तेव्हा थांबूनही कुणी बोललं नाही.

बैठक काल, धाकट्या बेटावरून निघायच्या आधी झाली. मी ‘परके’ खोडलं. पण ‘एकच आहेत’ असंही लिहिलं नाही. लिहिलं की, दोन आहेत आणि एकमेकांना ओळखतात. सगळे हलवू नका. उंदरांचा बंदोबस्त करून बाकीचे घरीच ठेवा. आधी निळ्या वळ्याच्या नराला न्या, तिकडे एकटा आहेच. त्याला ठेवून घेतात का बघू.

बाईंनी विचारलं, आणि नाही ठेवून घेतलं तर? मी म्हटलं, तर ती माझी चूक, आणि एकाच पक्ष्यापुरती. त्यांनी माझा अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी हो म्हणाल्या.

त्याला घेऊन आज इथे आले, उद्या सोडते. फार धीट लिहिलं आहे सगळं, पण लिहिताना तीनदा उठून पिंजरा बघून आले. अक्षरावरून तुला कळलंच असेल.

अश्लेषा

*

मोठं बेट, ६ नोव्हेंबर २०२५

मामा,

भांडण झालं!

नमस्कार नंतर. पहाटे पिंजरा उघडला, निळ्या वळ्यावाला समोरच्या बोरूत शिरला आणि दिवसभर गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी डबा आणलाच नव्हता, नुसती बसून होते. तिसऱ्या सकाळी तो वरच्या काडीवर आला आणि त्याने आपली शीळ खाली आणून सोडली. क्षणात शेजारच्या जाळीतून मोठ्या बेटाचा नर सुटला. तो याच्यावर, हा त्याच्यावर. मग समोरासमोरच्या दोन काड्यांवर बसून दोघांनी जो धिंगाणा घातला, विष्णुपंत आणि दिलीप साक्षात. तो शीळ वर तोडतोय, हा खाली सोडतोय, कुणी ऐकत नाही. स्वयंपाकी विचारत होता, मॅडम, हे वाईट झालं का? मी रडत होते ना.

ऊन वर येईपर्यंत चाललं. मग वाटणी झाली. ओढ्याच्या अलीकडचं बोरू याचं, पलीकडचं त्याचं. कुणी कुणाला बेटावरून हुसकून लावलं नाही.

महिनाभर वाट बघितली आणि मगच लिहायला बसले. कारण काल मोठ्या बेटाची एक मादी चोचीत गवत घेऊन अलीकडच्या बोरूत शिरली. आज परत शिरली.

धाकट्या बेटावर उंदरांसाठी सापळे लागलेत. तिथले नऊ आहेत तिथेच आहेत.

बाई विचारत होत्या, पिल्लं झाली तर ती कुणाच्या चालीत गातील? तुझं मत?

अश्लेषा

*

नानाखेडा, उज्जैन, ११ नोव्हेंबर २०२५

अश्लेषा बेटा,

आशीर्वाद, तुला आणि निळ्या वळ्याच्या जावयाला. भांडण वाचून इथे जलेबी आणली. अक्काला मऊ बघून दोन दिल्या. तुझा पक्षी डबा थांबल्यावर बोलला हे सांगितलं, तर म्हणाली, शहाणा आहे.

इकडचं सांगतो. गणपती दोनच बसणार. पण एक संध्याकाळ आरती एकत्र, दोन्ही चालींत. पहिली कुणाची, यावर दिलीप आणि विष्णुपंत आत्तापासून भांडताहेत. दहा महिने पुरेल. रोज एकमेकांना फोन करतात, आधी वर्षाकाठी एकदा भेटायचे. त्या संध्याकाळी बॉक्स मी लावणार नाही, हे जाहीर केलं आहे. अक्का पहिल्या रांगेत बसेल, बाकीच्यांनी हळू म्हणायचं.

आता बाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या घरात आहे. आमची मृण्मयी, आई पगडीवाली आणि बाप नोकरीवाला. ती आरती सुरू करते माझ्या एक्सप्रेसने आणि कडव्याच्या शेवटी सुलूसारखी स्टेशनात उभी राहते. लहानपणी मी सुधारायला जायचो, सुलू दुसऱ्या बाजूने सुधारायची. सुलू म्हणते, दोन्ही घराण्यांच्या हिशेबाने पोरगी चुकीचं म्हणते.

पण बाईंना कळव, आवाज खणखणीत आहे. आणि परवा तिचा मुलगा पाळण्यात त्याच चालीवर हुंकार देत होता.

तुझा,
शैलूमामा